दूताला हात लावताना

शनिवारची रात्र. मुंबईतल्या एखाद्या रस्त्यावर नाकाबंदी लागली आहे. एक लांबलचक गाडी झोकांड्या खात येते. हवालदार हात दाखवतो, काच खाली होते आणि दारूचा भपकारा बाहेर येतो. हवालदार पावती-पुस्तकाकडे वळणार, तेवढ्यात त्याचे लक्ष नंबरप्लेटकडे जाते. निळी पाटी, तिच्यावर पांढरी अक्षरे. हवालदाराचा हात तिथेच थबकतो. आता काय करायचे?

‘सोडून द्या, नसती आफत कशाला’ असे एक मत पडेल. ‘कायदा म्हणजे कायदा, घाला आत’ असे दुसरे. दोन्ही मते चुकीचीच, कारण खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. ते शोधताना जगभरच्या पोलिसांना घाम फुटला आहे.

दूत अवध्य असतो, हे आपल्याला कोणी व्हिएन्नाहून येऊन शिकवायला नको. रावणाने हनुमंताला ठार मारण्याची आज्ञा दिली, तेव्हा भर दरबारात बिभीषणाने त्याला हीच आठवण करून दिली. रावणाने जीव घेतला नाही, पण शेपटी पेटवली. पुढे लंकेचे काय झाले ते घरोघरी ठाऊक आहे. दूताला इजा करणाऱ्याचे स्वतःचे घरच जळते, हा व्यवहार त्या कथेतही आहे.

या व्यवहाराला आधुनिक रूप मिळाले ते १९६१ च्या व्हिएन्ना करारात. परक्या देशाच्या राजनैतिक अधिकाऱ्याला अटक करता येत नाही, त्याच्यावर फौजदारी खटला चालवता येत नाही आणि प्रमुखाच्या परवानगीशिवाय दूतावासात पाऊल ठेवता येत नाही. भारतात याच करारावर आधारलेला कायदा १९७२ साली झाला. मात्र ही सवलत त्या माणसाची चैन व्हावी म्हणून दिलेली नाही. दूताचे काम निर्भयपणे चालावे म्हणून ती दिली आहे, असे करारातच नमूद आहे.

इथे एक बारकावा आहे. दिल्लीत असतात ते दूतावास. मुंबईत असतात ते वाणिज्य दूतावास. त्यांच्यासाठी १९६३ चा वेगळा करार आहे आणि त्याचे कवच बरेच पातळ आहे. वाणिज्य दूताला संरक्षण मिळते ते मुख्यतः त्याच्या कचेरीतल्या कामापुरते. गुन्हा गंभीर असेल आणि न्यायालयाचा हुकूम असेल, तर त्याला अटकही होऊ शकते. म्हणून निळ्या पाटीवर ‘सीडी’ आहे की ‘सीसी’, हे हवालदाराने नीट वाचायला हवे. पहिली अक्षरे दूतावासाची, दुसरी वाणिज्य दूतावासाची.

या कवचाची सर्वांत कडू किंमत मोजली ती लंडनच्या पोलिसांनी. १७ एप्रिल १९८४. सेंट जेम्स स्क्वेअरमधल्या लिबियाच्या दूतावासासमोर गडाफीविरोधी निदर्शने चालू होती. दूतावासाच्या खिडकीतून गोळीबार झाला. अकरा निदर्शक जखमी झाले आणि बंदोबस्तावरची पंचवीस वर्षांची पोलीस शिपाई इव्हॉन फ्लेचर मरण पावली. पोलिसांनी इमारतीला अकरा दिवस वेढा घातला, पण आत पाऊल टाकले नाही. तिकडे त्रिपोलीत ब्रिटिश वकिलातीलाही वेढा पडला होता. इथे दरवाजा फोडला, तर तिथल्या आपल्या माणसांचे काय, हा प्रश्न होता. अखेर ब्रिटनने संबंध तोडले आणि २७ एप्रिलला आतली सगळी माणसे सुखरूप देशाबाहेर गेली. त्याच दिवशी इव्हॉनचा अंत्यविधी होता. लिबियाने या हत्येची जबाबदारी स्वीकारून भरपाई दिली ती १९९९ मध्ये.

मग काय, गुन्हेगार नेहमीच सुटतो? तसेही नाही. हे कवच दूताच्या मालकीचे नसते. ते त्याच्या सरकारचे असते आणि सरकारला ते काढून घेता येते. ३ जानेवारी १९९७ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये जॉर्जियाच्या दूतावासातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याने दारूच्या नशेत भरधाव गाडी चालवून अपघात केला. त्यात सोळा वर्षांची एक मुलगी मरण पावली. पोलिसांनी त्याला सोडले, कारण दुसरा पर्याय नव्हता. पण अमेरिकेत संतापाची लाट उठली आणि जॉर्जियाचे अध्यक्ष शेवर्दनाद्झे यांनी आपल्याच अधिकाऱ्याचे संरक्षण काढून घेतले. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला सात ते एकवीस वर्षांची शिक्षा झाली.

आपल्या मराठी घरांत हा विषय चहाच्या कपाबरोबर चर्चिला गेला तो २०१३ च्या डिसेंबरात. न्यूयॉर्कमधल्या भारताच्या उपवाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे मुलीला शाळेत सोडून निघाल्या असताना त्यांना अटक झाली. घरकामासाठी भारतातून नेलेल्या बाईच्या व्हिसा अर्जात पगाराची खोटी माहिती दिली, हा आरोप होता. त्यांची अंगझडती कपडे उतरवून घेतली गेली आणि देशभर संताप उसळला. दिल्लीत अमेरिकन वकिलातीसमोरचे अडथळे बुलडोझरने हटवले गेले. पुढे त्यांची संयुक्त राष्ट्रांतल्या भारतीय कार्यालयात बदली झाली, पूर्ण संरक्षण मिळाले आणि जानेवारी २०१४ मध्ये त्या मायदेशी परतल्या.

झडती अपमानास्पद होती, यात शंका नाही. पण त्या गदारोळात एक प्रश्न मागे पडला. ज्या बाईच्या पगारावरून हे सारे घडले, तीही भारतीयच होती. अर्जात तासाला पावणेदहा डॉलर लिहिले आणि प्रत्यक्षात त्याहून फार कमी दिले, असे आरोपपत्र म्हणत होते. खटला पूर्ण चाललाच नाही, त्यामुळे खरेखोटे ठरले नाही. दूताचा मान राखायचा तर घरकाम करणाऱ्या बाईने न्याय कुठे मागायचा, याचे उत्तर कोणत्याही करारात सापडत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. परदेशी नागरिक साधा पर्यटक असला, तर त्याला अटकेपासून कसलीही सूट नाही. मात्र त्याला एक हक्क आहे. ‘तुमच्या वकिलातीला कळवायचे का?’ असे पोलिसांनी त्याला विनाविलंब विचारले पाहिजे. १९६३ च्या कराराचे हे ३६ वे कलम. वाचताना क्षुल्लक वाटते. पण कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात सारा लढा याच कलमावर उभा राहिला. पाकिस्तानने २०१६ मध्ये त्यांना पकडले, २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली आणि या काळात भारतीय अधिकाऱ्याला त्यांना एकदाही भेटू दिले नाही. डिसेंबर २०१७ मध्ये आई आणि पत्नी इस्लामाबादला गेल्या, तेव्हा मध्ये काच होती. मंगळसूत्र, बांगड्या, टिकली उतरवायला लावली, आणि आईला मुलाशी मराठीत बोलू दिले नाही, असे आपल्या परराष्ट्र खात्याने सांगितले. १७ जुलै २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मतांनी पाकिस्तानने करार मोडल्याचा निर्वाळा दिला. सुटकेचा आदेश मिळाला नाही, पण शिक्षेचा फेरविचार होईपर्यंत फाशी रोखली गेली.

म्हणजे परक्या देशाच्या कोठडीत आपल्या मुलाला जो हक्क मिळावा म्हणून आपण हेगपर्यंत जातो, तोच हक्क आपल्या पोलीस ठाण्यात बाकावर बसलेल्या परदेशी पोरालाही आहे. त्याची भाषा कळत नाही, त्याचा रंग वेगळा आहे, त्याच्यावरचा आरोप कदाचित खराही असेल. तरी तो प्रश्न त्याला विचारायलाच हवा.

आता पुन्हा नाकाबंदीकडे. हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावावी. ओळखपत्र पाहावे, वरिष्ठांना कळवावे, सगळे नोंदवावे. आणि त्या अवस्थेत त्याला गाडी मात्र चालवू देऊ नये. अटक करता येत नसली तरी रस्त्यावरच्या इतरांचा जीव वाचवणे हे पोलिसांचे कामच आहे. साहेबाला टॅक्सीत बसवून घरी पाठवावे. पुढचे परराष्ट्र खाते पाहील. तेवढी एक किल्ली वेळेवर काढून घेतली, तर कुणाची तरी सोळा वर्षांची मुलगी रात्री घरी पोहोचते.