नव्या घराला जुनं दार

‘घर झालं छान, पण दारं मेली सगळी एकसारखी!’ सासूबाई एकदा वैतागून म्हणाल्या, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे चार दिवसांनी कळलं.

आमचं गाव आंजर्ले. कड्यावरच्या गणपतीमुळे आणि कासवांमुळे तुम्ही नाव ऐकलं असेल. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं आणि दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. आमच्या घरावर मागचा माड कोसळला. कौलं उडाली, वासे मोडले, आतल्या मातीच्या भिंती पावसाने धुऊन नेल्या. दोन वर्षांनी कर्ज काढून त्याच जागी स्लॅबचं घर बांधलं. खोल्यांना गुळगुळीत फ्लश डोअर. सगळ्यांचा रंग एक, हँडल एक. मलाही तेव्हा ते फार आवडलं होतं.

सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, नजर अधू. एका रात्री वीज गेली होती. बाथरूम समजून त्यांनी कोठीच्या खोलीचं दार उघडलं आणि तांदळाच्या पिंपाला अडखळून पडल्या. हाड वाचलं, पण धीर गेला. रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच प्यायच्या बंद झाल्या. कितीतरी घरांतल्या म्हाताऱ्या बायका असंच करतात आणि कुणाला सांगतही नाहीत.

मला प्रश्न पडला, जुन्या घरात तर दिवाही मिणमिणताच असायचा. तिथे कशा वावरायच्या? विचारलं तर म्हणाल्या, ‘अगो, दार हाताला कळायचं!’ माजघराच्या दाराची जाड कडी, कोठीच्या दाराची खडबडीत फळी, देवघराचं बुटकं दार. साठ वर्षं हात त्यावरून फिरलेला.

ही तिन्ही दारं गोठ्यात ताडपत्रीखाली पडून होती. फणसाच्या लाकडाची, चौकटीसकट. जुनी दारं घेणारा एक व्यापारी दोनदा येऊन गेला होता आणि ‘देऊन टाकू, अडगळ कशाला,’ असं ह्यांचंही मत होतं. वादळानंतर आमच्या बचत गटातल्या आम्ही बायका ताडपत्र्या वाटत फिरलो, तेव्हा कितीतरी अंगणांत अशा दारांचं सरपण झालेलं पाहिलं होतं. बाकीची टेम्पोत बसून मुंबईला गेली. तिथे जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात अशा दाराचं टेबल होतं म्हणतात. आपल्या माजघराचं दार कुणाच्या तरी दिवाणखान्यात टेबल होऊन बसणार, हे मनाला पटेना. मी सुतारांना बोलावलं.

ते आधी नाहीच म्हणाले. जुनं दार साडेपाच फुटांचं, नवी मोकळी जागा सात फुटांची. शिवाय जुन्या दाराला बिजागरी नाही, ते फळीच्याच वरच्या-खालच्या खुंट्यांवर फिरतं. खालची खुंटी उंबऱ्यात बसते आणि उंबरा तर आम्हाला नकोच होता, सासूबाई अडखळल्या असत्या. मग खुंट्या कापून पितळी बिजागऱ्या लावल्या, खाली फळीचा जोड दिला आणि वरच्या रिकाम्या जागेत लाकडी जाळी बसवली. त्यातून वाराही खेळतो. देवघराचं दार मात्र बुटकंच ठेवलं. देवापुढे वाकावं लागलं तर बिघडलं कुठे? ह्यांचं डोकं दोनदा आपटलं, तेवढंच.

मैत्रिणींनो, तुम्हालाही असं करायचं असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. दाराबरोबर चौकटही जपून ठेवा. दाराची जागा मोठी करायची असेल तर सुतारापेक्षा आधी इंजिनिअरला विचारा, खांबाला किंवा वरच्या तुळईला धक्का लागता कामा नये. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. आपल्याकडे रंगातल्या शिशावर कडक मर्यादा आली ती २०१७ मध्ये, त्यामुळे जुन्या रंगात शिसं असू शकतं. ओलं करून, तोंडाला फडकं नव्हे तर चांगला मास्क बांधून, मुलांना लांब ठेवून खरवडा. वाळवीसाठी आपल्याकडे काजूच्या टरफलांचं तेल लावतात. ते कातडीला भाजतं, म्हणून हातमोजे हवेत. आम्ही वरून जवसाचं तेल दिलं. फणसाचं लाकूड असं काही उजळलं, की मधाचाच रंग!

जुनं दार नसेल तरी हरकत नाही. फ्लश डोअर पावसात फुगतं ते बहुतेक वरच्या-खालच्या कडा रंगवायच्या राहतात म्हणून. त्या रंगवून घ्या. आणि प्रत्येक दाराला एखादी वेगळी खूण द्या. एकाला पितळी कडी, एकाला लाकडी मूठ, एकाला गडद रंग. घराला रूप येतं आणि अंधारात हातालाही खोली कळते.

आता सासूबाईंच्या खोलीला माजघराचं दार आहे, कोठीला कोठीचंच. बाथरूमचं तेवढं फायबरचं ठेवलं. ‘गुळगुळीत लागलं की बाथरूम,’ असं त्यांनीच ठरवलं. खर्च झाला तो सुताराच्या मजुरीचा आणि बिजागऱ्यांचा. व्यापारी देत होता त्यापेक्षा जास्तच झाला, हे ह्यांनी मला ऐकवलंही.

परवा रात्री मला कडीचा आवाज आला. उठून पाहणार होते, पण पडून राहिले. थोड्या वेळाने कडी परत वाजली, दार कुरकुरलं आणि सगळं शांत झालं. सकाळी त्यांच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या रिकामा होता.