इंजिनाला ताप आला तर?

मे महिन्याच्या सुट्टीत गावाला जाताना घाटात तुम्ही हे नक्की पाहिलं असेल. रस्त्याच्या कडेला गाडी उभी आहे, बॉनेट उघडं आहे, आतून वाफा निघताहेत आणि गाडीतली मंडळी झाडाखाली बसली आहेत. कोणी विचारलं की उत्तर एकच, "गाडी गरम झाली!" पण गाडी गरम होते म्हणजे नेमकं काय होतं? चला, आज आपण गाडीचे डॉक्टर होऊया.

इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळतं. त्यातून निघणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच गाडी पळवण्याच्या कामी येते. जवळजवळ तेवढीच धुराबरोबर बाहेर जाते. उरलेली मात्र इंजिनाच्या धातूत शिरते. ती बाहेर काढली नाही, तर इंजिनाचे भाग फुगून एकमेकांत अडकून बसतील.

ती बाहेर काढतं पाणी. इंजिनाच्या आत पोकळ वाटा असतात. पंप त्यांतून पाणी फिरवतो. तापलेलं पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये येतं. तिथे ते बारीक नळ्यांत विभागलं जातं, नळ्यांना वारा लागतो आणि गार झालेलं पाणी पुन्हा इंजिनात जातं. आजोबा चहा बशीत का ओततात? पसरला की लवकर निवतो म्हणून! रेडिएटरची युक्तीही हीच. १९०० साली जर्मनीतल्या विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीज गाडीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बनवला, तोही याच तत्त्वावर.

या पाण्यात कूलंट नावाचं रंगीत द्रव्य मिसळतात. त्यामुळे आत गंज चढत नाही आणि पाणी उकळायलाही जास्त उष्णता लागते. पण लक्षात ठेवा, हे कूलंट बहुधा चवीला गोड आणि पोटात गेलं तर विषारी असतं. सांडलं तर लगेच धुऊन टाकायचं. कुत्र्यामांजरांनाही चाटू द्यायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ती आईबाबांनाही वाचून दाखवा. कुकरची वाफ जिरल्याशिवाय आई झाकण काढते का? नाही ना? रेडिएटर म्हणजे एक कुकरच. साधं पाणी १०० अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं. पण रेडिएटरचं झाकण घट्ट असतं, आत दाब असतो, त्यामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. अशा वेळी झाकण फिरवलं की दाब एकदम उतरतो, पाणी क्षणात उकळतं आणि त्याचं कारंजं तोंडावर उडतं. चेहरा, डोळे, हात भाजतात. म्हणून गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही. फडकं धरूनसुद्धा नाही!

मग करायचं काय? टेंपरेचरचा काटा वर चढू लागला की आधी एसी बंद करायचा. गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण चालू करायचा. ऐकून हसू आलं ना? पण हीटर इंजिनातलीच उष्णता बाहेर काढतो. काटा लाल खुणेवर गेला किंवा वाफ दिसली, तर गाडी सुरक्षित जागी कडेला घेऊन इंजिन बंद करायचं. सगळ्यांनी उतरून रस्त्यापासून दूर उभं राहायचं. निदान अर्धा तास तरी थांबायचं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, धातूला तडा जातो. पंख्याजवळ हात न्यायचा नाही. काही गाड्यांत इंजिन बंद असलं तरी तो अचानक फिरू लागतो.

इंजिन गार झालं की तपास सुरू. प्रश्न एकच विचारायचा : उष्णतेची वाट कुठे अडली?

१. कूलंटच्या टाकीवर दोन खुणा असतात. पातळी खालच्या खुणेच्याही खाली आणि गाडीखाली ओल? म्हणजे गळती. रबरी पाईप किंवा रेडिएटर फुटला असेल.

२. सिग्नलला उभी असताना तापते, पळताना ठीक असते? मग पंख्यावर संशय घ्या. पळताना वारा आपोआप लागतो, उभ्या गाडीला पंखाच हवा.

३. चढावर किंवा वेगात तापते? रेडिएटरवर चिखल, किडे बसले असतील किंवा आतून नळ्या तुंबल्या असतील.

४. इंजिन तापलेलं, पण रेडिएटर गारच? मग थर्मोस्टॅट अडकला असेल. ही पाण्याच्या वाटेवरची झडप. आतलं मेण तापून फुगलं की ती उघडते. पट्टा तुटून पंप थांबला, तरी असंच होतं.

५. गळती दिसत नाही, तरी कूलंट कमी होतं, मागून पांढरा धूर येतो, ऑइल दुधाळ दिसतं? मग बहुधा इंजिनाचं गॅस्केट गेलंय. अशी गाडी चालवायची नाही, ओढूनच न्यायची.

दुरुस्ती अर्थातच मेकॅनिककाकांची. पण "कधी तापते, कुठे गळते" हे तुम्ही नीट सांगितलंत, तर त्यांचं निम्मं काम झालं! पाईप, पट्टा, थर्मोस्टॅट बदलणं तसं सोपं. पण "पोहोचू कसंतरी" म्हणत गाडी दामटली, तर इंजिनाचं हेड वाकतं आणि साधा आजार ऑपरेशनवर जातो.

प्रवासाला निघण्याआधी, गाडी गार असताना, मोठ्यांबरोबर कूलंटची पातळी पाहण्याचं काम तुम्ही घ्या. आणि वाटेत कोणी घाईने गरम झाकणाकडे हात नेला, तर न घाबरता ओरडा, "थांबा, अजून वाफ आहे!" मोठ्यांना असं थांबवलं, तर कोणी रागावणार नाही बरं का!