उन्हाळ्याची बेगमी : काटकसर कशासाठी आणि कोणाच्या जिवावर?

१४ एप्रिलची जयंती पार पडते, निळे झेंडे गल्लीच्या तोंडाशी अजून फडकत असतात आणि कल्याण पूर्वेपासून ठाण्याच्या वागळे इस्टेटपर्यंत आपल्या वस्त्यांमध्ये दुसरीच लगबग सुरू होते. चाळीच्या गच्चीवर, घराच्या पत्र्यावर, जागा नसेल तर रस्त्याच्या कडेला जुन्या साड्या अंथरल्या जातात. त्यावर कुरडया, तांदळाच्या फेण्या, नाचणीचे पापड, सांडगे वाळत पडतात. वर्षाचा मसाला कुटून आणण्यासाठी कांडपाच्या गिरणीपुढे बायकांची रांग लागते. कांद्याची गोणी, सुकट, जवळा, सुके बोंबील घरात येऊन पडतात. पाऊस तोंडावर येण्याआधीच्या या तरतुदीला आपल्या ठाणे जिल्ह्यात आणि कोकणात 'आगोट' म्हणतात. घाटावरून आलेली मंडळी बेगमी म्हणतात. नाव कोणतेही असो, अर्थ एकच. पुढचे चार महिने काम मिळेल न मिळेल, गाडी चालेल न चालेल, पण लेकरांच्या ताटात काहीतरी पडले पाहिजे.

या साध्या घरकामावर वर्तमानपत्राचा रकाना कशाला खर्च करायचा, असे कोणी विचारील. चळवळीच्या पानावर आरक्षण, अत्याचार, निवडणुका यांची चर्चा व्हावी, पापड-कुरडयांची कशाला? पण बंधू-भगिनींनो, जी चळवळ घराच्या उंबऱ्यावर येऊन थांबते ती अर्धीच चळवळ असते. घरात पैसा कसा वाचतो, तो कोण वाचवतो आणि वाचलेला पैसा शेवटी कोठे जातो, हा प्रश्न राजकारणाइतकाच महत्त्वाचा आहे.

अलीकडे काटकसरीला मोठी प्रतिष्ठा आली आहे. जुने कपडे पुन्हा वापरा, वस्तू फेकू नका, कमी वस्तूंत राहा, असा उपदेश रविवारच्या पुरवण्यांतून आणि मोबाईलवरच्या चित्रफितींतून रोज होतो. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांचे थर लावून, दोऱ्याचे बारीक टाके घालून ज्या गोधड्या आणि वाकळा शिवल्या, त्यांना काल कोणी विचारत नव्हते. आज तीच गोधडी शहरातल्या प्रदर्शनात चढ्या भावाने विकली जाते. पृथ्वी वाचवायची म्हणून लोक जुने वापरत असतील तर त्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु जुने वापरणे ही काहींची आवड असते आणि काहींच्या माथी ते मारलेले असते, हा फरक विसरून चालणार नाही.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी काय लिहिले आहे? त्यांनी मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत. त्याच अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत असाही आदेश आहे. म्हणजे आमच्या पूर्वजांच्या अंगावरचे जुनेर हा त्यांच्या गरिबीचा नुसता परिणाम नव्हता. तो धर्माने लिहून दिलेला कायदा होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात हा कायदाही जळाला. त्याच महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना जो उपदेश केला तो सर्वश्रुत आहे. जातीची ओळख सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, हातागळ्यातले ते जाडजूड दागिने टाका, वस्त्र फाटके असले तरी चालेल पण ते स्वच्छ असू द्या, असा त्याचा रोख होता. नव्या आणि महाग कपड्यांचा आग्रह त्यात नव्हता. कपड्यावरून माणसाची जात आणि पायरी ओळखली जाऊ नये, हा आग्रह होता. जयंतीला आणि बुद्ध पौर्णिमेला आमची बाई पांढरी शुभ्र साडी नेसून रस्त्यावर येते, तेव्हा तिच्यामागे हा इतिहास उभा असतो.

आता याच जुन्या कापडाकडे तथागताच्या संघाने कसे पाहिले ते बघा. विनयपिटकात आनंदाची गोष्ट आहे. कोसंबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला ५०० चीवरे दान दिली. राजाला संशय आला. एवढी चीवरे घेऊन हा श्रमण काय दुकान घालणार आहे? त्याने आनंदाला विचारले. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचे? जमिनीवरचे अंथरूण. त्यानंतर पायपुसणी, मग झाडण्याची फडकी आणि शेवटी त्या चिंध्या कुटून, मातीत कालवून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले. भिक्खूचे चीवरसुद्धा मगधातल्या भातखाचरांच्या आखणीप्रमाणे तुकडे जोडून शिवलेले असते. आमच्या आजीची गोधडी याच कुळातली आहे.

कापड तेच, चिंध्याही त्याच. पण मनूच्या हातात त्या गुलामीची खूण होतात आणि आनंदाच्या हातात विवेकाची. एकात दुसऱ्याने टाकलेले निमूटपणे नेसायचे आहे. दुसऱ्यात आपल्या वस्तूचा शेवटच्या धाग्यापर्यंत मान राखायचा आहे. काटकसरीचे मोजमाप आपण याच काट्यावर केले पाहिजे.

डोंबिवली-ठाण्याच्या मोठमोठ्या संकुलांत धुणीभांडी करणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनी आहेत. दिवाळीला, वाढदिवसाला त्यांच्या हातात उतरलेल्या कपड्यांची पिशवी ठेवली जाते. देणाऱ्याचे मन चांगले असेलही. पण ती पिशवी पगारवाढीच्या बदल्यात दिली जात असेल, सुटीच्या दिवसाच्या पगाराऐवजी दिली जात असेल, तर ती भेट नव्हे. कष्टाचे दाम रोख आणि ठरल्याप्रमाणे मिळाले पाहिजे. त्यानंतर कोणी बरोबरीच्या नात्याने काही दिले तर घ्यावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. यापेक्षा दारावर येणाऱ्या बोहारणीचा व्यवहार कितीतरी स्वच्छ. तीही कष्टकरी, आपणही कष्टकरी. चार साड्या, दोन शर्ट टाकायचे, घासाघीस करायची आणि स्टीलचा डबा घ्यायचा. तेथे कोणी दाता नाही, कोणी याचक नाही. तिने नेलेले कपडे निवडून, धुऊन, शिवून पुन्हा बाजारात जातात आणि आणखी कोणाच्या अंगाला लागतात.

आपल्या वस्त्यांतला उन्हाळा काय असतो हे अनुभवणाऱ्यालाच ठाऊक. पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. म्हणून कोणी पत्र्यावर चुना मारतो, कोणी ओली गोणपाटे टाकतो. दारात माठ, माठाला ओले फडके, नाचणीची आंबील, कैरीचे पन्हे, कोकमचे सरबत. थंड पेयाच्या बाटलीपेक्षा हे स्वस्त आणि अंगाला चांगले. कल्याणच्या लक्ष्मी मार्केटात किंवा ठाण्याच्या जांभळी नाक्यावर घरी परतताना उशिरा गेले तर भाजी उतरत्या भावाने मिळते. मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी भगिनी करवंदे, जांभळे, रायवळ आंबे घेऊन येतात, तेथे मात्र घासाघीस करू नये. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट्याने देणाऱ्याने डोंगरातून टोपली वाहून आणणाऱ्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालावी, ही काटकसर नव्हे. तो तर आपल्याच माणसावर अन्याय.

आणि पाणी! बारवी धरण आणि उल्हास नदी यांच्या शेजारी राहूनही उन्हाळ्यात आठवड्यातला एखादा दिवस नळ कोरडा राहण्याची पाळी या पट्ट्यावर अनेकदा आली आहे. २०१५ साली कल्याण-डोंबिवली महापालिकेत घेतलेल्या २७ गावांच्या परिसरातील बायकांनी हंडे घेऊन मोर्चे काढले. तांदूळ धुतलेले पाणी कुंडीला, कपडे खळबळलेले पाणी मोरीला, हे आमच्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. पण २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांच्या वारसांनी पाणी नुसते पुरवून वापरायचे नसते. वस्तीला आणि संकुलाला सारखे पाणी का मिळत नाही, हेही विचारायचे असते. काटकसर हक्काची जागा घेऊ शकत नाही.

काटकसरीचा विषय निघाला की माता रमाईचे स्मरण होणारच. बाबासाहेब परदेशात शिकत असताना तिने परळच्या चाळीतला संसार कसा रेटला, आणि ते परतल्यावरच्या विपन्न दशेत डोक्यावर शेणाचे भारे कसे वाहिले, हे बाबासाहेबांनी स्वतः १९२८ साली 'बहिष्कृत भारता'त कृतज्ञतेने लिहून ठेवले आहे. सिडनहॅम कॉलेजात त्यांना महिना ४५० रुपये पगार होता. त्यातला ठराविक भाग घरखर्चाला देऊन बाकीचा त्यांनी लंडनच्या अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणासाठी साठवला. लंडनला गेल्यावर रात्री दहाच्या सुमारास भूक अनावर झाली की ओळखीच्या एका गुजराती गृहस्थाने दिलेले पापड काढून त्यावर ते रात्र भागवीत. न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे २००० जुनी पुस्तके जमवली होती. म्हणजे इकडे रमाईने वाचवले आणि तिकडे बाबासाहेबांनी वाचवले. या दोघांच्या बचतीतून ज्ञान उभे राहिले आणि त्या ज्ञानातून कोट्यवधींची मुक्ती.

पण येथेच थांबून रमाईच्या त्यागाचे गोडवे गात बसणे मला धोक्याचे वाटते. या माउलीची चार लेकरे तिच्या डोळ्यांदेखत गेली. २७ मे १९३५ रोजी, ऐन उन्हाळ्यात, ती स्वतः गेली. दारिद्र्य हे व्रत नव्हे. दारिद्र्य माणसे मारते. आज आपल्या घरात पगार येत असताना, नळ असताना, गॅस असताना, 'आमची बायको रमाईसारखी आहे' असे कौतुकाने म्हणत तिच्या एकटीच्या खांद्यावर सगळा संसार टाकणारा पुरुष रमाईचा सन्मान करीत नाही.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची सरासरी २९९ मिनिटे आली आणि असे काम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांचाही वेळ थोडा कमी झाला, पण मधले अंतर तीन तासांहून अधिक होते, ते तसेच राहिले. पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारी, रात्री गर्दीत उभी राहून कल्याणला उतरणारी बाई सुटीच्या दिवशी कुरडयांचा चीक घोटत बसते, तेव्हा घराचे पैसे वाचतात हे खरे. पण ते तिच्या झोपेतून आणि तिच्या पाठीच्या कण्यातून वाचतात. शाळेला सुटी लागली की मुलगा मैदानावर आणि मुलगी पापड लाटायला, ही वाटणीही आपल्या घरांतून गेलेली नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, पत्नीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभे राहावे. लग्नाची घाई करू नका, ती एक जबाबदारी असते, हेही त्यांनी तेथेच बजावले होते.

लग्नाचे नाव निघालेच आहे तर स्पष्ट लिहिले पाहिजे. बाईने वर्षभर भिशीत टाकलेला पैसा मे महिन्याच्या एका संध्याकाळी हॉल, डीजे आणि मानपानात उडतो. दहा जणींच्या भिशीत महिन्याला ५०० रुपये टाकले तर एकीच्या हातात ५००० पडतात. ती रक्कम जमवायला तिने दहा महिने भाजी उशिराने घेतली, रिक्षा टाळली, जुन्या साडीचा परकर शिवला. तो पैसा आवाजाच्या भिंतींना द्यायचा काय? तथागतांनी सिगाल नावाच्या तरुणाला गृहस्थाचा हिशेब सांगितला आहे. मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा. या हिशेबात लोकांना दिपवण्यासाठी पाचवा भाग नाही.

तेव्हा या मे महिन्यात चार गोष्टी प्रत्येक घराने कराव्यात. जुन्या वह्यांची कोरी पाने फाडून, टाचून कच्च्या कामाची वही करावी आणि पाठ्यपुस्तके खालच्या वर्गातल्या मुलांना द्यावीत, त्यासाठी विहारात एक कपाट ठेवावे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणीचे कागद निकालाची वाट न पाहता आताच काढावेत. जूनमध्ये रांगा लागल्या की दलालाला पैसे द्यावे लागतात आणि वर्षाची बचत तेथेच संपते. पापड लाटायला, मसाला निवडायला, पाणी भरायला मुलगा आणि बाप यांनीही बसावे, हाताला काही झिजत नाही. आणि घरात जे वाचले त्याचा हिशेब वहीत लिहावा, त्यावर बाईचे नाव घालावे आणि मुलीच्या शिक्षणाचा वाटा त्यातून पहिल्यांदा बाजूला काढावा.

येत्या २७ मे रोजी ठिकठिकाणी रमाईच्या प्रतिमेला हार घातले जातील, भाषणे होतील. त्या दिवशी वक्त्याने एवढे तरी विचारावे की, रमाईने ज्या शिक्षणासाठी पै-पै वाचवली, त्या शिक्षणावर आपल्या घरातल्या बचतीतले किती रुपये यंदा खर्च झाले? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या वहीत असेल, त्याच्याच घरची काटकसर कामाला आली असे म्हणता येईल.