वरच्या पापणीचे ऑपरेशन : सौद्याआधी काय पाहावे

कापडाच्या धंद्यात नजर हेच भांडवल. गेली दोन-तीन वर्षे आमच्या वरच्या पापण्यांची कातडी ओघळून केसांवर टेकू लागली होती. वरच्या फळीवरचे ताके पाहायला मान मागे टाकावी लागे, भुवया उचलून उचलून संध्याकाळी कपाळ दुखे आणि गिऱ्हाईक विचारी, "चाचा, झोप झाली नाही का?"

प्रथम एका सौंदर्य-दवाखान्यात गेलो. पाच मिनिटांत दर सांगितला, तपासणी शून्य. ताका न उलगडता भाव सांगणाऱ्याकडून आम्ही माल घेत नाही, उठून आलो. पुढे डोळ्यांच्या सर्जनने तपासले, तेव्हा कळले की उजवीकडे नुसती जादा कातडी आहे, पण डावीकडे पापणी उचलणारा स्नायूच सैल झाला आहे. कातडी कापून डावा डोळा अर्धा मिटलेलाच राहिला असता, आणि पैसे गेले असते ते वेगळेच. ही दोन निराळी ऑपरेशने आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. पापणी अचानक पडली, एकाचे दोन दिसू लागले, तर मात्र त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

ऑपरेशन सहसा जागा बधिर करून होते. छेद पापणीच्या घडीत घेतात, म्हणून व्रण लपतो. टाके आठवड्याभरात निघतात, सूज व काळेनिळेपण दोनेक आठवडे राहते. ऐन लग्नसराईत करू नये. कातडी जास्त कापली गेली तर डोळा पुरता मिटत नाही, कोरडा पडतो. डोळ्यांचा कोरडेपणा, मधुमेह, थायरॉईड, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हे सारे आधी सांगावे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. नंतर तीव्र वेदना होऊन दिसणे कमी झाले, तर डोळ्यामागे रक्तस्राव असू शकतो. क्वचित घडते, पण नजर जाते. रात्री कोणाला फोन करायचा, हे आधीच विचारून ठेवावे.

आता हिशेब. निव्वळ रूपासाठी केलेल्या ऑपरेशनला सहसा विमा मिळत नाही, उपचारांवरची जीएसटीची सूटही मिळत नाही. पापणीने दृष्टी झाकत असेल, तर दृष्टिक्षेत्राची तपासणी, फोटो व डॉक्टरांची चिठ्ठी जोडून विमा कंपनीकडून आधी लेखी उत्तर घ्यावे.

जायज-नाजायजचा प्रश्न घरातून आलाच. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००७ साली ऐब किंवा त्रास दूर करणारी शस्त्रक्रिया जायज मानली, केवळ तरुण दिसण्यासाठीची नाही. हजार वर्षांपूर्वी कुर्तुब्याच्या अबुल कासिम अल-जहरावींनी पापणीची शस्त्रक्रिया लिहून ठेवली, तीही अशाच त्रासासाठी. आमच्या डाव्या डोळ्याची तारीख ईदची गर्दी उलटल्यावरची घेतली आहे. उजव्याचे मग पाहू.