इंग्रजीतील ‘ही’मध्ये ‘शी’ येते का?

‘एव्हरी स्टुडंट मस्ट ब्रिंग हिज बुक’ हे वाक्य आपण शाळेपासून लिहीत आलो आहोत. वर्गात निम्म्या मुली असल्या तरी ‘हिज’ कायम. पुल्लिंगात स्त्रीलिंग अंतर्भूत असते, हे त्यावरचे ठरलेले उत्तर. ब्रिटिश पार्लमेंटने १८५० साली कायद्यांच्या भाषेसाठी हा नियमच केला. आपल्याकडे १८६० च्या दंड संहितेत आणि १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्येही तो आला.

परंतु १९१६ साली रेजिना गुहा यांनी वकिलीची सनद मागितली, तेव्हा कलकत्ता उच्च न्यायालयाने ती नाकारली. पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही येतात, हा युक्तिवाद तेथे टिकला नाही. स्त्रियांना वकिली खुली होण्यासाठी १९२३ चा स्वतंत्र कायदा व्हावा लागला. म्हणजे गुन्हा केल्यास स्त्री ‘ही’मध्ये येत होती, वकिली करू म्हटल्यास येत नव्हती! सर्वनामाचा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही, तो असा.

मग लिहावे काय? ‘ही ऑर शी’ दर ओळीला आले की वाक्य अडखळते. शिवाय स्वतःस पुरुष वा स्त्री न मानणाऱ्या व्यक्ती त्यातूनही वगळल्या जातात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘थॉन’ असे नवे सर्वनाम घडविण्यात आले, पण ते रुळले नाही.

जुनाच उपाय टिकला, तो म्हणजे एकवचनी ‘दे’. चौदाव्या शतकापासून तो इंग्रजीत आहे. जेन ऑस्टेननेही तो वापरला. ‘अनेकवचन एकासाठी कसे?’ हा आक्षेप मराठी माणसाने तरी घेऊ नये. एकाच गुरुजींना आपण ‘तुम्ही आलात’ म्हणतोच ना! इंग्रजीतले ‘यू’देखील मूळचे अनेकवचनीच.

व्यवहारात तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शक्य तेथे कर्ताच अनेकवचनी करावा : ‘स्टुडंट्स मस्ट ब्रिंग देअर बुक्स’. ते न जमल्यास ‘दे’ वापरावे. क्रियापद मात्र ‘आर’च, ‘इज’ नव्हे. आणि एखाद्या व्यक्तीने स्वतःसाठी सर्वनाम सांगितले असेल, तर तेच लिहावे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखननियमांनीही २०१९ साली एकवचनी ‘दे’ला मान्यता दिली आहे.

तेव्हा निबंधात ‘दे’ दिसताच लाल शाई उचलण्यापूर्वी थोडे थांबावे, एवढीच प्राध्यापकवर्गास नम्र विनंती.