शेतीला दिवसा वीज : ‘सौर कृषी वाहिनी’ योजना नेमकी चालते कशी?

रब्बी आली की शेतकऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. या आठवड्यात थ्री फेज दिवसा आहे का रात्री? रात्रीची पाळी आली की थंडीत, अंधारात बॅटरी घेऊन बारे धरायला जावं लागतं. बांधावर सापाची भीती, आणि जुन्नर, संगमनेर, निफाडकडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याची. म्हणून दिवसा वीज द्या, ही मागणी कित्येक वर्षांपासूनची आहे.

याच मागणीला उत्तर म्हणून महावितरणमार्फत ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ राबवली जात आहे. योजना 2017 साली जाहीर झाली. पहिल्या टप्प्यात तिला फारसा वेग आला नाही. 2023 मध्ये ‘2.0’ या नावाने ती नव्याने आली. या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला. त्याची क्षमता 3 मेगावॅट आहे.

आपल्या मोटारीला थेट सोलरची वीज येते का?

नाही. इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. शेतात स्वतंत्र पॅनल बसवून चालणारा सौर पंप ही वेगळी योजना. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’मध्ये शेतकऱ्याने 10 टक्के रक्कम भरायची असते, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के.

सौर कृषी वाहिनीत शेतकऱ्याच्या शेतात काहीच बसत नाही. गावाजवळच्या उपकेंद्रालगत मोठा सौर प्रकल्प उभा राहतो. त्याची वीज उपकेंद्रात येते आणि तिथून शेतीच्या फिडरवर जाते. तार तीच, डीपी तीच, मोटारही तीच. ढग आले आणि सोलरची वीज कमी पडली, तर उरलेली वीज नेहमीच्या ग्रीडमधून येते. त्यामुळे आभाळ भरलं म्हणून मोटार बंद पडेल, असं समजायचं कारण नाही.

महावितरणला यात काय मिळतं?

पहिली गोष्ट पैशाची. या प्रकल्पांची वीज महावितरणला युनिटमागे साधारण 3 रुपयांच्या आसपास पडते आणि खरेदी करार 25 वर्षांचा असतो. कोळशाला दरवाढ असते, वाहतूक खर्च असतो. उन्हाला तो नाही. शिवाय वीज जिथे तयार होते तिथेच वापरली गेली, की लांबच्या तारांमधली गळतीही कमी होते.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना सध्या मोफत वीज योजना लागू आहे, पण ती वीज कोणाला तरी विकत घ्यावीच लागते. तो भार सरकारी तिजोरीवर आणि काही प्रमाणात उद्योगांच्या वीजदरावर पडतो. वीज स्वस्त मिळाली तर हा भार हलका होईल.

दुसरी गोष्ट बंधनाची. केंद्राच्या नियमानुसार वितरण कंपन्यांना 2029-30 पर्यंत एकूण विजेपैकी 43.33 टक्के वीज अपारंपरिक स्रोतांतून घ्यायची आहे. देशाचं ‘नेट झिरो’चं उद्दिष्ट 2070 चं आहे. महाराष्ट्रात शेतीचा वीजवापर एवढा मोठा आहे, की तो बाजूला ठेवून हे गणित सुटतच नाही.

गावाच्या पातळीवर हिशोब

1 मेगावॅटला साधारण 4 एकर जागा लागते आणि आपल्याकडच्या उन्हात वर्षाला ढोबळमानाने 15 लाख युनिट वीज तयार होते. म्हणजे 3 मेगावॅटचे 45 लाख युनिट. ग्रीडच्या एका युनिटमागे सरासरी 700 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशोबाने एका छोट्या प्रकल्पामुळे वर्षाला 3 हजार टनांच्या वर कार्बन वाचतो.

खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये, म्हणजे एकरी साधारण 50 हजार, आणि दरवर्षी 3 टक्के वाढ. प्रकल्प झालेल्या गावच्या ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाखांप्रमाणे 3 वर्षं अनुदान मिळतं.

सगळंच गोड नाही

अनेक ठिकाणी प्रकल्पासाठी गायरान धरलं जातं. ज्यांची शेळ्या-मेंढ्या, गुरं त्यावर चरतात त्यांना ना भाडं मिळतं ना वीज. त्यांचं काय, हे ग्रामसभेत आधी ठरायला हवं.

दुसरा प्रश्न पाण्याचा. वीज दिवसा आणि फुकट मिळाली की मोटार जास्त वेळ चालते. ज्या तालुक्यांत बोअर आधीच खोल गेलेत, तिथे ठिबक आणि पाळीपाळीने उपसा याशिवाय पर्याय नाही.

तिसरं, सगळ्यांच्या मोटारी एकाच वेळी चालू झाल्या की डीपीवर ताण येतो. ऑटो स्विच काढून टाका आणि मोटारीला योग्य कपॅसिटर बसवा, हे वायरमन सांगतो ते याचसाठी. डीपी जळाली की नुकसान उभ्या पिकाचं होतं, मग वीज सोलरची असो की कोळशाची.

ग्रामसभेत हे विचारा

आपला फिडर कोणत्या उपकेंद्रावर आहे आणि तो सौर प्रकल्पाला जोडला जाणार आहे का? दिवसा थ्री फेज किती वाजता सुरू होऊन किती तास मिळेल? जागा कोणती घेतली आणि चराईसाठी काय शिल्लक राहिलं? अनुदान आलं असेल तर ते कशावर खर्च झालं?

प्रकल्पाचं उद्घाटन झालं म्हणजे गावात दिवसा वीज आली असं नाही. आपल्या फिडरचं वेळापत्रक बदललं का, ते उपकेंद्रात जाऊन बघा. रात्रीची पाळी बंद झाली, तरच योजना आपल्या गावापर्यंत पोचली असं समजा.