महादजी शिंद्यांच्या छत्रीतल्या रंगीत काचा : बाहेरून काळपट, आतून झगमगीत, असं का?

पुणे : सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं कण्हेरखेड हे शिंदे घराण्याचं मूळ गाव. याच घराण्यातले महादजी पानिपतावर जखमी झाले, तरी पुन्हा उभे राहिले आणि १७७२ मध्ये शाहआलम बादशहाला दिल्लीत परत घेऊन आले. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला त्यांचं निधन झालं. अंत्यसंस्कार झाले तिथेच त्यांची समाधी आहे. हीच ‘शिंदे छत्री’. इथलं शिवमंदिर दगडी, तर पुढे घराण्याने उभारलेला सभामंडप विलायती थाटाचा, रंगीत काचांच्या खिडक्यांचा.

रंग येतो कुठून?
अशा खिडक्यांत रंग बहुतेक वेळा काचेवर फासलेला नसतो, काचेतच असतो. काच वितळवतानाच त्यात धातूचा अंश मिसळतात. कोबाल्टने निळा, लोखंडाने हिरवट, तांब्याने किंवा सोन्याने लाल रंग येतो. नक्षीच्या कामात तुकडे कापून शिशाच्या पट्ट्यांत बसवतात. बारीक रेषा मात्र वरून काढून भट्टीत पक्क्या करतात.

बाहेरून काळपट का?
रंग दिसायला उजेड काचेतून आरपार यावा लागतो. मंडपात उभं राहिलं की ऊन काचेच्या पलीकडे असतं, म्हणून रंग खुलतो. बाहेरून बघितलं तर पलीकडे अंधार, मग काच काळीच दिसणार.

काच टिकते, जोड थकतो
शिसं मऊ असतं. वर्षानुवर्षं ऊन-थंडी सोसून पट्ट्या वाकतात, सांध्यातलं लुकण सुकून झडतं आणि पाणी झिरपतं. ॲसिडने किंवा घासणीने पुसलं तर वरच्या रेषाही जातात. जुन्या काचेची तीच छटा पुन्हा मिळणं अवघड. म्हणून अशा खिडकीला हात लावू नये, टेकू नये.

आपल्या वाड्याचं काय?
गावोगावच्या जुन्या वाड्यांत दारांवर रंगीत तावदानं असतात. दुरुस्ती काढली की ती भंगारात जातात. उतरवायचीच असतील तर आधी मोबाईलवर फोटो काढा, प्रत्येक तावदानाला नंबर द्या, जमलं तर चौकटीसकट काढा. कापडात गुंडाळून उभी ठेवा. आडवी एकावर एक रचली की तडकतात. एकदा फुटलं की त्याच्या जोडीचं तावदान बाजारात सहसा मिळत नाही.